हो म्हणणार असाल तरच

आयटी कंपन्यांत रक्तदान शिबिरं नेहमीचीच. हल्ली कधीकधी शेजारी आणखी एक टेबल असतं, स्टेम सेल दात्यांच्या नोंदणीचं. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, फॉर्म भरायचा, फोटो काढायचा आणि लंचला पळायचं. पाच मिनिटांत पुण्य! आता माझं मत थोडं कडू लागेल, पण पुढे फोन आल्यावर ‘हो’ म्हणायची तयारी नसेल, तर ती काडी गालात घालूच नका.

का, ते कळायला डॉ. डॉनल थॉमस यांची गोष्ट माहीत हवी.

१९५० च्या दशकात हा माणूस न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन नावाच्या छोट्या गावातल्या हॉस्पिटलात काम करत होता. कल्पना आपल्या भाषेत सांगायची तर मशीन फॉरमॅट करून ओएस नव्याने टाकायची. ल्युकेमियाच्या पेशंटची बिघडलेली अस्थिमज्जा रेडिएशन आणि औषधांनी पार पुसायची आणि दुसऱ्याची निरोगी मज्जा सलाईनसारखी शिरेतून द्यायची. त्यातल्या मूळपेशी आपणहून हाडांत जाऊन बसतात आणि रक्त बनवायला लागतात. (हाडांचा पत्ता त्यांना कसा सापडतो हा एक भन्नाट विषय आहे, पुन्हा कधीतरी.)

१९५७ साली त्यांनी सहा पेशंट्सचा अहवाल छापला. सहाही जण शंभर दिवसांच्या आत गेले. मग एकसारख्या जुळ्यांमध्ये करून पाहिलं. मज्जा रुजली, पण काही महिन्यांत कॅन्सर परत आला. जुळं नसेल तर आणखी पंचाईत, कारण नव्या मज्जेतून आलेल्या पांढऱ्या पेशी पेशंटच्या शरीरालाच परकं समजून हल्ला करतात. १९६० च्या दशकात बहुतेकांनी हा नाद सोडला. थॉमस १९६३ साली सिअ‍ॅटलला गेले आणि कुत्र्यांवर प्रयोग करत राहिले. मज्जा जुळणारं भावंड निवडलं आणि नंतर मेथोट्रेक्झेट दिलं तर कुत्री जगतात, हे नक्की झाल्यावरच ते पुन्हा माणसांकडे वळले. त्यांची बायको डॉटी या सगळ्यात सोबत होती. ती लॅब टेक्निशियनचं शिक्षण घेऊन आलेली, पेपर तपासायचे तेही तिनेच.

१९७७ चा त्यांचा पेपर शंभर पेशंट्सवर आहे. जगले तेरा. आपल्या रिव्ह्यू मीटिंगमध्ये हा आकडा दाखवून बघा! पण हे शंभर जण असे होते की ज्यांच्यावर बाकीचे सगळे उपाय थकले होते. १९९० साली थॉमसना नोबेल मिळालं.

आपल्याकडे ही विद्या थेट त्यांच्याकडूनच आली. लहानपणी पोलिओ झालेले, व्हीलचेअरवरून काम करणारे डॉ. सुरेश अडवाणी सिअ‍ॅटलला जाऊन शिकले आणि १९८३ साली मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये भारतातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालं. पेशंट नऊ वर्षांची मुलगी, दाता तिचा भाऊ.

आणि इथेच खरी अडचण आहे. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. आपल्या पिढीत घरटी एक-दोन मुलं, गणित तुम्हीच करा. मग उरतात अनोळखी लोक. १९७९ साली सिअ‍ॅटलमध्ये ल्युकेमियाच्या एका मुलीला पहिल्यांदाच नात्याबाहेरच्या दात्याची मज्जा दिली, ती त्याच संस्थेत काम करणाऱ्या व्यक्तीची निघाली. केवळ नशीब! नशिबावर विसंबायला नको म्हणून या नोंदवह्या निघाल्या. आपली ‘दात्री’ २००९ मधली. हे जुळणं वंशपरंपरेनं येतं, त्यामुळे भारतीय पेशंटला परदेशी नोंदवह्यांत दाता मिळणं कठीण. म्हणजे आपणच.

माझ्या ओळखीतल्या एकाला असा फोन आला होता. घरचे म्हणाले, मणक्यातून काहीतरी काढतात, कायमचं दुखणं लागेल. झालं, साहेबांनी फोन उचलणं बंद केलं. मुळात मणक्याला कोणी हात लावत नाही. बहुतेक वेळा चार-पाच दिवस इंजेक्शनं, मग काही तास दंडाला सुई लावून मशीनशेजारी बसायचं, प्लेटलेट्स देतात तसं. हाडं दुखतात, फ्लूसारखी कणकण येते, हे खरं आहे. पण ते तात्पुरतं.

तो निदान लवकर पळाला. दाता देण्याच्या आदल्या आठवड्यात पळाला तर? तोपर्यंत पलीकडच्या पेशंटची मज्जा पुसायला सुरुवात झालेली असते. फॉरमॅट चालू आहे, बॅकअप नाही आणि सीडी घेऊन येणारा माणूस फोन उचलत नाही. कायद्याने कोणी जबरदस्ती करू शकत नाही, करूही नये. पण म्हणूनच विचार आधी करायचा.

घरी बोला, आई-बाबांना ही पद्धत नीट समजावून सांगा, मग खुशाल नाव द्या. मी दिलंय. आणि ज्यांनी फोटोपुरतं दिलं होतं त्यांनी सोमवारी ऑफिसला गेल्यावर पहिल्यांदा मेल टाकून नाव काढून घ्यावं. राहायचं असेल आणि फोन नंबर बदलला असेल, तर तो कळवावा.