भूल, सही आणि संमती

शस्त्रक्रियागृहाच्या दारात रुग्णाच्या मुलापुढे इंग्रजीत छापलेला कागद धरला जातो, तो घाईने सही करतो आणि संमती मिळाली असे समजले जाते. कायद्याला ही समजूत मान्य नाही. १९९५ साली दिल्लीत, दुर्बिणीच्या तपासणीसाठी भूल दिलेल्या एका स्त्रीचे गर्भाशय व बीजकोश, ती बेशुद्ध असताना, केवळ आईच्या संमतीवर काढण्यात आले. रुग्ण सज्ञान होती, जिवाला तातडीचा धोका नव्हता. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ती संमती अवैध ठरविली. भरपाई मात्र अवघी २५ हजारांची!

वैद्यकसेवेत विक्रेत्याला जे ठाऊक असते ते ग्राहकाला नसते, हे अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्येच मांडले होते. भुलीच्या बाबतीत ही विषमता टोकाला जाते. बेशुद्ध माणूस प्रश्नही विचारू शकत नाही. कमरेखालचा भागच बधिर होणार की पूर्ण शुद्ध हरपणार, हे पुष्कळांना टेबलावर गेल्यावर कळते. ‘उपाशी या’ एवढेच बजावले जाते. पोटातले अन्न उलटून फुप्फुसात शिरू शकते, हे कोणी सांगत नाही. मग सकाळचा कपभर दुधाचा चहा रुग्णाला क्षुल्लक वाटतो आणि रागावतील या भीतीने तो लपविला जातो. दमा, तंबाखू, हलणारा दात यांचेही तेच.

सरकारी रुग्णालयांतील गर्दीत वेळ कोठून आणावा, ही अडचण खरी आहे. परंतु भूलतज्ज्ञाने आदल्या दिवशी रुग्णाच्या भाषेत दहा मिनिटे बोलण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. ‘काय समजले, ते तुमच्या शब्दांत सांगा’ एवढे विचारले, तरी उपाशी राहण्याचे कारण कळले की नाही, हे चहा पोटात जाण्यापूर्वीच उमगते.