पाटील कुठला?

आमच्या हॉस्टेलच्या आवारात उभं राहून कुणीही "ए पाटल्या!" अशी हाक मारून बघावी. कमीत कमी चार खिडक्या उघडतात. मग खालचा ओरडतो, "तू नाही रे, सी विंगचा!" आणि तीन खिडक्या बंद होतात. हा प्रकार आपण रोज बघतो, त्यात कुणाचं काही बिघडत नाही. पण हीच हाक आमच्या प्रोजेक्टमधल्या प्रोग्रॅमने मारली आणि एका पाटलाचं हॉल तिकीट अडकलं. त्याची ही गोष्ट, आणि त्यावरून मला जे म्हणायचंय ते.

बी.ई.ला आम्ही चौघांनी हॉस्टेलच्या ऑफिससाठी सॉफ्टवेअर केलं. सी शार्प आणि विंडोज फॉर्म्स. (हसू नका. २०१९ साली डॉटनेट कोअर ३.० आलं त्यातही विंडोज फॉर्म्स होतंच, आणि आजही ते चालू आहे.) स्क्रीनच्या डाव्या हाताला ट्री व्ह्यू, म्हणजे विंडोज ९५ पासून एक्सप्लोररमध्ये फोल्डरचं जे झाड दिसतं तेच. आमच्या झाडात आधी विंग, मग मजला, मग खोली आणि शेवटी मुलाचं नाव. वर शोधायची चौकट. नाव टाका, बटण दाबा, झाडातला तो मुलगा निवडला जातो आणि उजवीकडे त्याचा मेसचा हिशेब उघडतो. ओरलला एक्स्टर्नल सरांनी एक नाव टाकलं, नोड पिवळा झाला, सर "गुड" म्हणाले. आम्ही संध्याकाळी पार्टी केली.

पुढच्या टर्मला ऑफिसमधल्या काकांनी ते खरंच वापरायला घेतलं. ए विंगच्या पाटलाने मेसचे पैसे भरले. काकांनी नाव टाकलं, पिवळा पाटील दिसला, रक्कम चढवली. फक्त तो पाटील सी विंगचा होता. नाव तेच, आडनाव तेच, स्पेलिंगसुद्धा तेच! सी विंगच्या पाटलाच्या खात्यावर जादा पैसे दिसत होते, पण त्याला वाटलं घरच्यांनी परस्पर भरले असतील. ए विंगच्या पाटलाला मात्र परीक्षेच्या चार दिवस आधी कळलं की मेसची बाकी आहे, नो ड्यूज नाही, म्हणून हॉल तिकीट नाही. पावती त्याच्याकडून हरवलेली. पीएलमध्ये पुस्तक सोडून तो बिचारा ऑफिसच्या चकरा मारत होता, आणि "कॉम्प्युटरमध्ये बाकी दिसतेय" हे उत्तर ऐकत होता.

शेवटी काकांनीच कपाटातलं जुनं पावती रजिस्टर काढलं आणि रजिस्टर नंबरवरून पाच मिनिटांत घोळ सापडला. आम्हाला बोलावून म्हणाले, "अरे, नावावरून पोरगा शोधतात का कधी? नाव सारखं असतं, खोली बदलते. नंबर बघायचा असतो." डेटाबेसच्या पेपरात प्रायमरी कीची व्याख्या लिहून आलेले आम्ही चौघे खाली मान घालून उभे!

आता चुका काय होत्या ते सांगतो, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या प्रोजेक्टमध्ये त्या आत्ता या क्षणी आहेत.

पहिली चूक म्हणजे आम्ही नोडच्या 'टेक्स्ट'शी तुलना केली. टेक्स्ट हे माणसाला दाखवण्यासाठी असतं. प्रत्येक नोडला 'नेम' नावाची वेगळी प्रॉपर्टी असते, तीच त्याची की. नोड जोडताना 'ॲड'ला फक्त टेक्स्ट दिलं तर नेम रिकामं राहतं. की आणि टेक्स्ट दोन्ही दिलं तर दोन्ही भरतं. मग 'नोड्स.फाइंड'ला की द्यायची आणि दुसरं आर्ग्युमेंट 'ट्रू' द्यायचं, म्हणजे तो सगळ्या फांद्यांमध्ये खालपर्यंत शोधतो. गंमत बघा, फाइंड एक नोड परत देत नाही, नोड्सचा ॲरे देतो. म्हणजे बनवणाऱ्यानेच गृहीत धरलंय की शून्य सापडतील, एक सापडेल किंवा जास्तही सापडतील. आपण मात्र डोळे मिटून पहिला उचलतो. शून्य सापडले तर प्रोग्रॅम कोसळतो, दोन सापडले तर पाटील कोसळतो.

दुसरी चूक रिकर्शनची. नाव जुळलं की आम्ही नोड निवडून 'रिटर्न' लिहिलं होतं आणि समजत होतो की शोध थांबला. तो रिटर्न फक्त त्या खोलीपुरता होता. बाहेरचा लूप पुढच्या खोल्या, पुढच्या विंगा बघत राहिला आणि शेवटचा जुळलेला पाटील निवडून बसला. फंक्शनने सापडलेला नोड परत द्यायला हवा आणि वरच्याने तो मिळाल्याबरोबर थांबायला हवं. प्रीऑर्डर, इनऑर्डर आम्ही झोपेत म्हणून दाखवायचो. पण स्क्रीनवर झाड आलं तेव्हा हे तेच झाड आहे हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

तिसरी चूक पिवळ्या रंगाची. 'सिलेक्टेडनोड' दिलं की वरच्या मिटलेल्या फांद्या आपोआप उघडतात आणि नोड नजरेसमोर येतो. पण फोकस शोधाच्या बटणावर असल्यामुळे निवडलेला नोड दिसत नाही. 'हाइडसिलेक्शन' मुळात ट्रू असतं म्हणून असं होतं. ते फॉल्स करायचं किंवा झाडाला फोकस द्यायचा, एका ओळीचं काम. आम्ही ते न वाचता नोडला पिवळा रंग फासला. आधीचा पिवळा पुसलाही नाही. काकांच्या स्क्रीनवर दोन पाटील पिवळे होते, त्यातला एक दिसत होता.

कुणी म्हणेल, नावाऐवजी ए विंग, दुसरा मजला, अमुक खोली असा पूर्ण रस्ताच की म्हणून वापरा. जावात तर जेट्रीची निवडच 'ट्रीपाथ'वर चालते. पण हॉस्टेलवर दर वर्षी खोल्या बदलतात. रस्ता हा पत्ता आहे, ओळख नव्हे. ओळख नंबरातच ठेवायची आणि त्या नंबरावरून आजचा रस्ता काढायचा. त्याहून बरं म्हणजे माणूस झाडात शोधूच नका, माहितीत शोधा. एकापेक्षा जास्त सापडले तर नंबर आणि खोलीसकट यादी दाखवा, वापरणाऱ्याला ठरवू द्या, आणि मग झाडातला नेमका नोड निवडा. झाड फक्त दाखवायला आहे.

इथवर टेक्निकल झालं. माझं खरं म्हणणं वेगळं आहे. आमचा घोळ प्रोग्रॅमिंग येत नव्हतं म्हणून झाला नाही. आम्ही सॉफ्टवेअर ओरलसाठी बनवलं, काकांसाठी बनवलंच नाही. टेस्टिंगला आम्ही आमचीच चार नावं टाकली, आणि चौघांची नावं वेगळी होती! काकांच्या शेजारी एक तास जरी बसलो असतो तरी रजिस्टर नंबरचा रकाना दिसला असता. ज्यांना आम्ही कॉम्प्युटर शिकवायला गेलो त्यांना आमच्या विषयातली मुख्य गोष्ट आधीपासून ठाऊक होती.

सरांनाही एक नम्र विनंती. ओरलला "हे चालवून दाखवा" म्हणण्याऐवजी "एकाच नावाची दोन मुलं टाका आणि शोधा" असं म्हणून बघा. निम्मे प्रोजेक्ट तिथेच थांबतील. पण ते त्या टेबलावर थांबलेले परवडले. आमचा तिथे थांबला नाही, म्हणून परीक्षेच्या तोंडावर एक मुलगा ऑफिसच्या दारात थांबला.

ए विंगच्या पाटलाला हॉल तिकीट परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मिळालं. पेपर कसा गेला हे विचारायचं धाडस आमच्यापैकी कुणाला झालं नाही. सॉफ्टवेअर आम्ही नंतर दुरुस्त करून दिलं, आता त्यात नंबर टाकावा लागतो. काका तरीही पावती रजिस्टर लिहितात. आणि खरं सांगू? त्यांनी लिहावंच.