निवडलेले तांदूळ

दिवाळीच्या तोंडावर आमच्या मंगळवार पेठेतल्या घरात एक वाद ठरलेला असतो, आणि तो तांदळावरून. सौ.चे माहेर आजऱ्याचे. तिकडून घनसाळ येतो, त्यात खडे असतात. दुकानातून पिशवीबंद तांदूळ येतो, तो निवडलेला. आईला हा भेद मान्य नाही. डब्यातून तांदूळ निघाला की सुपात पडलाच पाहिजे. “निवडलेलं पुन्हा कशाला निवडायचं?” असे सौ. म्हणते, आणि मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरतो.

यंदा पुण्याहून पुतण्या आला होता. तो कंपायलरवर काम करतो. कंपायलर म्हणजे एक दुभाषा. माणसाने लिहिलेला प्रोग्राम तो यंत्राच्या भाषेत उतरवतो आणि उतरवता उतरवता त्यातला अनाठायी खटाटोप गाळतो.

“काकूचं बरोबर आहे,” पुतण्या म्हणाला. “मी दिवसभर हेच करतो.”

मग माझ्या वर्तमानपत्राच्या कडेला त्याने चौकटी आखल्या. यंत्राच्या लेखी प्रत्येक आकडा म्हणजे शून्य-एकांची ओळ. फाइलीतून उचललेला एक बाइट आठ घरांचा, पण त्याला बसायला जागा ३२ घरांची. म्हणून प्रोग्रामर त्याला २५५ ची चाळण लावतो. खालची ८ घरे जशीच्या तशी राहतात, वरच्या २४ घरांत शून्ये पडतात. आता वर आधीच शून्ये असतील तर ही चाळण फुकट! एकच चाळण दोनदा लावली तर दुसरी वाया, हे जॉर्ज बूल या गणितज्ञाने १८५४ सालच्या ग्रंथात सूत्र करून ठेवले आहे.

“एवढ्याने वाचतं काय?” मी विचारले.

“एक पायरी, काका. पण ती पायरी कोटी वेळा चढायची असेल तर?”

वसुबारसेला त्याने आपल्या कंपायलरला असल्या चाळण्या हुडकून काढून टाकायला शिकवले. सगळ्या चाचण्या उतरल्या. धनत्रयोदशीला रात्री त्याच्या साहेबांचा फोन आला. इंग्रजी मजकूर सुरळीत चालतो, मराठी नावे मात्र बिघडतात! पोराचा चेहरा पडला. फराळाचे ताट तसेच राहिले आणि माजघरातला दिवा रात्री दीडपर्यंत जळत होता.

पहाटे उटणे लावून घेताना त्याने कारण सांगितले. इंग्रजी अक्षराच्या बाइटात डावीकडचे पहिले घर नेहमी शून्य असते. आपला ‘क’ मात्र युटीएफ-८ या सर्वत्र रूढ पद्धतीत तीन बाइटांचा, २२४, १६४ आणि १४९. आणि तिन्हींत ते घर ‘एक’. बाइट उचलण्याचीही एक तऱ्हा अशी आहे की यंत्र त्या घराला ऋणचिन्ह समजते आणि वरची २४ घरे एकांनी भरून टाकते. मग २२४ चे उणे ३२ होतात. २५५ ची चाळण तिथे ती घाण काढत होती, आणि आमच्या चिरंजीवांनी नेमकी तीच फेकून दिली होती.

“म्हणजे खडे होते,” आई म्हणाली. फारच समाधानाने म्हणाली.

पण पोरगा हटणारा नव्हे. माल दोन वाटांनी येतो, एका वाटेचा निवडलेला, दुसऱ्या वाटेचा कच्चा. तर पुढे सगळा निवडत बसण्याऐवजी कच्च्या वाटेवरच निवडावा, ही युक्ती मोरेल आणि रेन्व्हाज या दोघांनी १९७९ साली मांडली. आपल्या मुंबईच्या आय.आय.टी.तल्या धनंजय ढमढेरे यांनी ती पुढे नेली, आणि अशा विश्लेषणाचा व्यापक सिद्धांत उदय खेडकरांसह १९९४ साली प्रसिद्ध केला. (ही माणसे जगाचे तांदूळ निवडत होती आणि आम्हाला पत्ता नव्हता.)

“तेव्हा आजी, आजऱ्याचं पोतं दारात आलं की तिथंच निवडायचं. मग डब्यात. डब्यातून निघालेलं पुन्हा सुपात नाही.”

आईने जरा विचार केला. “आणि मधेच कुणी डब्यात काही टाकलं तर?”

पुतण्या तिच्याकडे बघतच राहिला. “आजी, हीच तर आमची अट! मधे किंमत बदलली की हिशेब पुन्हा पहिल्यापासून.”

सौ. उठली आणि डब्याचे झाकण घट्ट लावून आली. पोते दारातच होते. ते निवडायला मात्र मला बसवण्यात आले.