गुंठामंत्री आणि थकबाकीमंत्री

दोन वर्षांपूर्वी आमच्या मराठी विभागात घडलेला एक प्रसंग आधी सांगतो. त्यातले माझे वर्तन शोभादायक नव्हते आणि हा लेख लिहिण्याचे कारणही तेच आहे.

तास संपल्यावर द्वितीय वर्षाचा एक विद्यार्थी दाराशी घुटमळत होता. नागोठण्याच्या बाजूच्या गावातला, वर्गात क्वचितच तोंड उघडणारा. म्हणाला, "सर, घरी मोठी गाडी घ्यायचं चाललंय. रस्त्यात जमीन गेली, तिचे पैसे आलेत. आजोबा म्हणाले, सरांना विचारून बघ कुठली घ्यावी." मी हातातली वही मिटत उत्तर दिले, "अरे, गुंठामंत्र्यांची गाडी पांढरीच असते. रंग तर ठरला, आता कंपनीचं काय एवढं मोठं?" खोलीतले सहकारी खळखळून हसले. गुरुजनांसमोर हसावे लागते तसा तोही हसला, "बरं सर" म्हणाला आणि गेला. वर्ष संपेपर्यंत त्याने मला दुसरा प्रश्न विचारला नाही.

त्याच आठवड्यात मी स्वतः पनवेलच्या एका विक्रीदालनात जाऊन एका एसयूव्हीची किंमत विचारून आलो होतो. पैसे सातव्या वेतन आयोगाच्या थकबाकीतून साठवलेले होते आणि मनात असलेला रंग पांढरा होता.

आता शब्दाकडे वळू, कारण शब्द हा आपला धंदा आहे. गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा भाग. चिमूटभर जमीन आणि मंत्र्याचा थाट यांची सांगड घालणारा 'गुंठामंत्री' हा शब्द विनोद म्हणून नेटका आहे, आणि विनोदाला माझी हरकत नाही. माझी हरकत त्याच्या वापरातील पक्षपाताला आहे. हा शब्द पैसा कसा खर्च झाला याची चेष्टा करतो असे वरवर भासते. वस्तुतः तो पैसा कुठून आला याची चेष्टा करतो. जमिनीच्या पैशातून मोठी गाडी घेणारा गुंठामंत्री ठरतो. मुलाच्या परदेशी पगारातून तीच गाडी घेणारा 'मुलांनी नाव काढलं' या कौतुकास पात्र होतो. आणि थकबाकीतून घेणारा प्राध्यापक? त्याच्यासाठी शब्दच नाही, कारण शब्द घडवणारे आणि छापणारे आपणच आहोत. ही उणीव दूर करण्यासाठी मी 'थकबाकीमंत्री' हा शब्द सुचवतो आणि त्याचा पहिला मानकरी म्हणून स्वतःचे नाव नोंदवतो.

त्या मुलाच्या वाक्यातले क्रियापद पुन्हा पाहावे. तो म्हणाला, "जमीन गेली." मी ऐकले, "जमीन विकली." महामार्गासाठी होणाऱ्या भूसंपादनात विकण्या-न विकण्याची निवड शेतकऱ्याच्या हाती नसते, जमीन जाते आणि मागाहून मोबदला येतो. कवितेतील एका अव्ययावर तासभर बोलणाऱ्या माणसाला या दोन क्रियापदांतला फरक ऐकू येऊ नये, याला काय म्हणावे?

या भागातल्या जमिनीचा इतिहास आपण शिकवत नाही, पण तो आपल्या वर्गात बसलेला असतो. १९३३ साली शेजारच्या अलिबाग तालुक्यातल्या चरी येथे नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला. तो सुमारे सहा वर्षे चालला आणि डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठबळ दिले. पुढे १९४८चा कुळकायदा आला आणि त्याच्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा 'कृषकदिन' ठरला. म्हणजे इथल्या अनेक घरांत जमीन स्वतःच्या नावावर लागली त्याला दोन-तीन पिढ्याच झाल्या आहेत. सप्टेंबर २००८ मध्ये पेण तालुक्यातल्या, हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत महामुंबई सेझच्या प्रश्नावर शेतकऱ्यांचे सार्वमत घेतले गेले. समोर पैसा दिसत असतानाही जमीन द्यायची नाही, असे सांगायला माणसे रांगेत उभी राहिली. पुढे तो प्रकल्प बारगळला. जमिनीचा पैसा घेणाऱ्यासाठी आपण 'गुंठामंत्री' घडवला. तो नाकारणाऱ्यासाठी आपल्या भाषेत कोणता शब्द तयार झाला? एकही नाही. याच पेण तालुक्यातल्या गागोद्यात १८९५ साली जन्मलेल्या विनोबांनी १९५१पासून भूमिहीनांसाठी जमीन मागत वर्षानुवर्षे पायी देश पालथा घातला. जमीन या विषयावर या तालुक्याने देशाला पुष्कळ शिकवले. त्यात विनोदाची भर आम्ही घातली.

असो. आता थकबाकीमंत्र्यांच्या निवडीकडे येतो. मी पेणला राहतो आणि रोह्याला शिकवतो. अंतर चाळीसएक किलोमीटर; वाटेत वडखळ, नागोठणे आणि मग भिसे खिंड. एसयूव्हीच्या समर्थनार्थ मी घरात जे युक्तिवाद केले, ते आमच्या व्यवसायातले बहुतेक जण करतात. त्यांत तीन शब्द हमखास येतात: रस्ता, सुरक्षितता आणि कुटुंब.

रस्त्यापासून सुरुवात करू. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचे रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि पुढे दशकाहून अधिक काळ रखडले. या काळात पावसाळ्यात वडखळ ते नागोठणे हा पल्ला ज्यांनी काटला आहे, त्यांना खड्ड्यांविषयी सांगायला नको. तेव्हा गाडी उंच हवी, हे म्हणणे सकृद्दर्शनी रास्त वाटते. पण किती उंच? वस्तू व सेवा कराच्या परिषदेने डिसेंबर २०२२ मध्ये एसयूव्हीचे लक्षण स्पष्ट केले: लांबी ४,००० मिलिमीटरहून अधिक, इंजिन १,५०० सीसीहून मोठे, जमिनीपासूनची मोकळी उंची किमान १७० मिलिमीटर, आणि चौथी अट अशी की, लोक तिला एसयूव्ही म्हणून ओळखत असावेत! न्यायशास्त्रातले लक्षणदोष ज्यांनी वाचले आहेत, त्यांनी या चौथ्या अटीला मनोमन नमस्कार करावा. जिला एसयूव्ही म्हणतात ती एसयूव्ही. पुढे जुलै २०२३ मध्ये परिषदेने नावाचा नाद सोडला आणि 'कोणत्याही नावाने ओळखली जाणारी' उपयुक्तता वाहने त्या करात आणली. करवसुली करणाऱ्यांना जे दीड वर्षाच्या आत कळले, ते आम्हा नाम-रूपाच्या अभ्यासकांना अजून कळायचे आहे.

चार मीटरची मर्यादा मुळात २००६च्या अर्थसंकल्पातली. लहान गाड्यांना उत्पादनशुल्कात सवलत मिळाली आणि कंपन्यांनी गाड्यांच्या शेपट्या छाटून त्या चार मीटरच्या आत बसवल्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या दरांतही ती रेषा कायम आहे: चार मीटरच्या आतल्या, १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १,५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाडीवर १८ टक्के, त्यापलीकडे ४० टक्के. तेव्हा आपण जिला 'छोटी एसयूव्ही' म्हणतो, ती पुष्कळदा हॅचबॅकच्याच सांगाड्यावर उभारलेली, पुढच्याच दोन चाकांना गती देणारी, थोडी उंच आणि बरीच रुबाबदार गाडी असते. साध्या हॅचबॅकही १६५-१७० मिलिमीटरच्या आसपास मोकळी उंची देतात. बोटाच्या पेराएवढ्या फरकासाठी आपण काही लाख रुपये मोजतो आणि त्याचे खापर खड्ड्यांवर फोडतो. भिसे खिंडीतून एसटी जाते, मिनिडोर जाते, दूधवाल्याची मोटारसायकल जाते. खिंडीला एसयूव्ही लागत नाही, आम्हाला लागते.

दुसरा शब्द सुरक्षितता. माझा प्रश्न एवढाच आहे: कोणाची? गाडीतल्या माणसांची सुरक्षा तिच्या बांधणीवर आणि चाचणीतल्या गुणांवर अवलंबून असते. ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनकॅप'ची चाचणी आपल्याकडे सुरू झाली आहे आणि पाच तारे मिळवायला गाडी राक्षसी असावी लागत नाही. गाडीबाहेरच्यांचे काय? अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २०२३ मध्ये मांडलेला निष्कर्ष असा की, ज्या वाहनांचे नाक ४० इंचांहून उंच असते, त्यांच्या धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या नाकाच्या गाड्यांच्या तुलनेत सुमारे ४५ टक्के अधिक असते. चाळीस इंच म्हणजे बालवाडीतल्या मुलाची उंची. पेणच्या बाजारपेठेत गणपतीच्या दिवसांत किंवा रोह्याच्या आठवड्याच्या बाजारात ज्याने गाडी घातली आहे, त्याने हा आकडा मनात ठेवून एकदा आपल्या बॉनेटपुढून चालणारी माणसे पाहावीत.

तिसरा शब्द कुटुंब. आमच्या घरात माणसे चार. सात आसनांची गाडी का, याचे उत्तर मी 'गणपतीला सगळे जमतात' असे दिले होते. पत्नीने दिनदर्शिका पुढे ठेवली. गेल्या वर्षभरात चारांहून अधिक माणसे एकत्र निघाली असे दिवस मोजले; ते नऊ भरले. उरलेल्या दिवसांत मी एकटाच ८० किलोमीटर जाऊन-येऊन करणार. मोठी गाडी लिटरला १२ आणि लहान १८ किलोमीटर धावते असे मानले, तर रोज सव्वादोन लिटरांचा फरक; कामाचे २२० दिवस आणि लिटरला १०० रुपये धरले, तर वर्षाला पन्नासएक हजार. नऊ दिवसांसाठी भाड्याची गाडी यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते. "अहो, आणि दिवा-रोहा गाडी आहेच की," ती म्हणाली. माझ्याकडे उत्तर नव्हते. होती ती फक्त हौस.

हौशीविषयी मला आदर आहे. 'हौस म्हणून घेतली' असे जो म्हणतो, त्याच्याशी वाद संपतो. आमच्यापेक्षा तो शेतकरी अधिक प्रामाणिक, कारण तो गाडीला हार घालतो, गावातून मिरवतो आणि पेढे वाटतो. आम्ही मात्र हौशीला रस्ता, सुरक्षितता आणि कुटुंब या तीन शालींत गुंडाळून घरी आणतो.

यावर एक गंभीर आक्षेप येईल आणि तो मला मान्य आहे. थकबाकी संपली तरी पगार येतच राहतो. जमीन मात्र एकदाच जाते. गाडीची किंमत पहिल्या वर्षापासून उतरू लागते. मोबदल्याचा पैसा गाडीत घालून पाच-सात वर्षांत रिकामी झालेली घरे या जिल्ह्यात मीही पाहिली आहेत. परंतु हा आक्षेप विनोदाचे समर्थन कसे ठरतो? धोका खरा असेल, तर दाराशी आलेल्या मुलाला हिशेब द्यायला हवा होता. त्याच्या आजोबांनी गाडीविक्रेत्याच्या आधी शिक्षकाला विचारावे, ही या समाजाने आपल्यावर टाकलेल्या विश्वासाची शिल्लक आहे. ती मी एका कोटीत उधळली.

तेव्हा मी काय सांगायला हवे होते, ते आता लिहितो. प्रथम विचारायला हवे होते, "घरात माणसं किती? रोज काय वाहता?" एकत्र कुटुंबात दहा-अकरा माणसे असतील, आजीला दर महिन्याला अलिबागच्या दवाखान्यात न्यावे लागत असेल आणि लग्नसराईत साऱ्या भावकीला तीच गाडी लागणार असेल, तर २००० साली आलेल्या बोलेरोसारखी मजबूत चेसिसवरची, मागे माणसे दाटीने बसवणारी, तालुक्यातल्या कोणत्याही मिस्त्रीला उघडता येणारी गाडी ही चैन नव्हे. ती त्या घराला शोभते. चौघांच्या घराला नाही. माल वाहायचा असेल, तर २००५ पासून 'छोटा हत्ती' म्हणून ओळखला जाणारा एसकिंवा एखादी पिकअप पाहावी. मात्र ती मालवाहू म्हणून पिवळ्या पाटीवर नोंदली जाते आणि तिच्या हौद्यात माणसे बसवणे बेकायदा असते, हेही सांगावे. हमरापूर-जोह्याकडचा एक मूर्तिकार पिकअप घ्यायला निघाला, तेव्हा मी सोबत होतो. त्याने माहितीपत्रक उघडलेच नाही. खिशातून टेप काढला, हौद्याची लांबी-रुंदी मोजली, चार फुटांच्या किती मूर्ती पेंढ्यासकट उभ्या राहतील ते बोटांवर मोजले आणि मग भाव विचारला. वाहन निवडण्याची याहून शुद्ध पद्धत मला ठाऊक नाही.

शेवटी सांगायला हवे होते की, मोबदल्याची रक्कम आधी वेगळी ठेवा. तिच्या व्याजातून किंवा गाडीच्या कमाईतून जेवढे झेपेल तेवढीच गाडी घ्या. दोन-तीन वर्षे वापरलेली चांगली मिळाली तर कमीपणा मानू नका. आणि गाडीसोबत त्या पैशातून कोणाचे शिक्षण पुरे व्हायचे आहे, तेही लिहून काढा. हे सारे सांगायला दहा मिनिटे लागली असती. विनोदाला दहा सेकंद लागली.

मी एसयूव्ही घेतली नाही. यात त्यागाचे काही नाही. दिनदर्शिकेपुढे माझा युक्तिवाद टिकला नाही, इतकेच. त्या मुलाच्या घरी कोणती गाडी आली, हे विचारण्याचा अधिकार मी गमावून बसलो आहे.

महामार्ग, रेल्वे, कारखाने, नवी शहरे. या जिल्ह्यात जमीन जाणे थांबणार नाही. येत्या जूनमध्ये नवी मुले वर्गात येतील आणि त्यांतला कोणी एखाद्या दुपारी विभागाच्या दाराशी घुटमळेल. माझ्या व्यवसायबंधूंना विनंती एवढीच की, त्याला आत बोलवावे, खुर्ची द्यावी आणि कोरा कागद पुढे ओढावा. 'गुंठामंत्री' हा शब्द तेव्हा आठवलाच, तर वाहनतळावर उभ्या असलेल्या आपल्या गाडीकडे खिडकीतून एकदा पाहून घ्यावे.