आधी चिप, मग लस, मग व्हिसा

पुण्यातल्या एखाद्या संगणक अभियंत्याला म्युनिकला नोकरी लागली, तर कागदपत्रं, व्हिसा आणि सामानाची बांधाबांध हे सगळं दोन-तीन महिन्यांत उरकू शकतं. त्याच्या कुत्र्याला त्याहून जास्त वेळ लागतो. आधी चिप बसवायची. मग रेबीजची लस टोचायची. लशीनंतर किमान 30 दिवस थांबून रक्ताचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवायचा आणि नमुना घेतल्याच्या तारखेपासून आणखी तीन महिने थांबायचं. भारतातून येणाऱ्या कुत्र्या-मांजरांसाठी युरोपीय संघाचा हा नियम आहे. कुठेही माशी शिंकली नाही, तरी चार महिने गेलेच. बहुतेकांना हे कळतं ते तिकीट काढून झाल्यावर.

पशुवैद्य आणि एजंट या रक्तचाचणीला नुसतं ‘टायटर’ म्हणतात. रक्तात रेबीजविरोधी प्रतिपिंडं दर मिलिलिटरला किमान 0.5 आंतरराष्ट्रीय एकक आहेत का, एवढंच ती पाहते. आकडा चांगला आला, तर मग पुढचे तीन महिने कशाला, हा वैतागलेला प्रश्न ठरलेलाच. त्याचं उत्तर या रोगाच्या चालीत आहे. लस टोचण्याआधीच पिसाळलेलं जनावर चावलेलं असेल, तर लशीमुळे रक्तात प्रतिपिंडं दिसतीलही, पण विषाणूची मज्जातंतूंमधून मेंदूकडे वाटचाल तरीही चालू असू शकते. लक्षणं दिसायला आठवडे लागतात, कधी काही महिने. कुत्रा आजारी पडायचाच असेल तर तो निघण्याआधी पडू दे, असा या थांब्याचा रोखठोक हिशेब आहे.

ब्रिटनला हा धडा महागात मिळाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथून रेबीज गेला होता. पहिल्या महायुद्धावरून परतणाऱ्या सैनिकांनी चोरून आणलेल्या कुत्र्यांबरोबर तो 1918 मध्ये पुन्हा आला आणि त्याचा बंदोबस्त व्हायला 1922 साल उजाडलं. बाहेरून येणाऱ्या कुत्र्या-मांजरांना सहा महिने कोंडून ठेवण्याचा नियम त्या देशाने पुढे कित्येक दशकं कर्मठपणे पाळला. चिप, लस आणि रक्तचाचणी यांवर विसंबणारी पेट ट्रॅव्हल योजना आली 2000 साली. म्हणजे आज जे नियम जाचक वाटतात, ती खरं तर जुन्या नियमांतून मिळालेली सूट आहे.

‘आमची स्वीटी कधी सोसायटीच्या गेटबाहेर गेलेली नाही, तिला कसला आलाय रेबीज?’ ही तक्रार खरी असली तरी गैरलागू आहे. नियम स्वीटीकडे बघत नाही, तिच्या देशाकडे बघतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातले 36 टक्के रेबीजमृत्यू भारतात होतात. हे चित्र पालटता येतं, याचा दाखला शेजारीच आहे. गोव्यात सरकार आणि ‘मिशन रेबीज’ ही संस्था यांनी वर्षानुवर्षं गल्लोगल्ली जाळी घेऊन भटक्या कुत्र्यांना लस टोचली, शाळाशाळांत मुलांना शिकवलं, पिसाळलेल्या जनावरांच्या खबरीसाठी यंत्रणा उभारली. 2021 मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. तरीही म्हापशाच्या कुत्र्याला फ्रँकफर्टसाठी तेवढंच थांबावं लागतं, कारण परदेशी याद्या देशवार असतात, राज्यवार नाही. केंद्राने 2030 पर्यंत कुत्र्यांमार्फत होणारा रेबीज संपवण्याचा आराखडा आखला आहे. तो पार पडला तर त्याचा लाभ आधी गल्लीतल्या पोरांना होईल आणि पुढेमागे या विमानातल्या कुत्र्यांनाही.

तोवर जो तो देश आपापली अट घालणार. जपान 1957 नंतर या रोगापासून मुक्त आहे. तिथे नमुना घेतल्यापासून 180 दिवस थांबावं लागतं आणि पोहोचण्याच्या किमान 40 दिवस आधी वर्दी द्यावी लागते. अमेरिकेने जुलै 2021 मध्ये भारतासह शंभरहून अधिक देशांतल्या कुत्र्यांची आयात तात्पुरती थांबवली होती. ऑगस्ट 2024 पासून तिथे नवी पद्धत आहे. कुत्रा किमान सहा महिन्यांचा हवा, चिप हवी आणि भारतात लस घेतलेली असेल तर ठरावीक विमानतळांवरच उतरायचं, तिथल्या नोंदणीकृत केंद्रात आधीच जागा राखून. टायटरचा वैध अहवाल नसेल तर 28 दिवस स्वखर्चाने विलगीकरण. मांजरांना मात्र अमेरिकेचं संघीय आरोग्य खातं रेबीजच्या लशीचा दाखलासुद्धा मागत नाही, त्यामुळे न्यू जर्सीला निघालेल्या घरात मांजरवाले निवांत असतात.

ऑस्ट्रेलियाचं दार सर्वांत जड. भारतातून थेट प्रवेशच नाही. आधी त्यांच्या मान्यताप्राप्त यादीतल्या देशात जनावर न्यायचं, तिथून अटी पूर्ण करत निघायचं आणि शेवटी मेलबर्नजवळच्या मिकलहॅम केंद्रात किमान 10 दिवस काढायचे. ओळख दाखवून यातून सुटका होत नाही, हे हॉलिवूड अभिनेता जॉनी डेपला 2015 मध्ये कळलं. पिस्टल आणि बू ही त्याची दोन यॉर्कशायर टेरियर खाजगी विमानातून, न कळवता क्वीन्सलँडमध्ये आली. तेव्हाचे कृषिमंत्री बार्नबी जॉइस यांनी सरळ सांगितलं, कुत्री परत न्या, नाहीतर ती मारावी लागतील. कुत्री परत गेली. पुढच्या वर्षी तेव्हाची त्याची पत्नी अँबर हर्ड हिने खोटी माहिती भरल्याचा गुन्हा कोर्टात कबूल केला आणि दोघांनी कॅमेऱ्यासमोर माफी मागितली. त्या व्हिडिओतले त्यांचे चेहरे बघून जगभर हसू झालं, पण शेती-पशुपालनावर जगणाऱ्या बेटाने असंच वागायला हवं.

लंडनची गंमत वेगळी. विमानाने ब्रिटनमध्ये येणारं पाळीव जनावर कार्गो म्हणूनच यावं लागतं. त्यामुळे काही जण पॅरिस किंवा ॲमस्टरडॅमपर्यंत मांजर केबिनमध्ये मांडीजवळ घेऊन जातात आणि पुढे मोटारीने, युरोटनेलमधून किंवा बोटीने ब्रिटन गाठतात. पूर्ण कायदेशीर मार्ग, फक्त पाय मोडतात.

खरी फसगत मोठ्या नियमांत होत नाही, ती होते लसीकरणाच्या पुस्तकात. चिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी नळी. ती जाड सुईने मानेमागच्या कातडीखाली सोडतात. वरून रीडर फिरवला की 15 आकडे दिसतात. आपल्याकडे रेबीजची लस वेळच्या वेळी दिली जाते, पुस्तकात बाटलीवरचं लेबल चिकटवलं जातं, शिक्का-सही होते, आणि चिप? ती परदेश ठरल्यावर. पण युरोप, ब्रिटन आणि अमेरिकेच्या लेखी चिपच्या आधी दिलेली लस दिलेलीच नसते, कारण ती नेमकी याच कुत्र्याला दिली हे ठरवणार कसं? मग पाच वर्षं इमानेइतबारे टोचलेल्या कुत्र्याची पाटी कोरी होते आणि घड्याळ शून्यापासून सुरू. उलट, युरोपीय संघाच्या नियमात एकदा पास झालेली टायटर, पुढची लस एकदाही चुकली नाही तर, आयुष्यभर चालते. एक दिवस चुकला की पुन्हा रक्त काढा. विमानाची तारीख तोंडावर आल्यावर पशुवैद्याचा तंदुरुस्तीचा दाखला आणि केंद्राच्या प्राणी विलगीकरण कार्यालयाचं ना-हरकत पत्र लागतं. मुंबईत हे कार्यालय आहे, पण तिथे जाऊन चार महिन्यांची कसर भरून निघत नाही.

क्रेटही असाच दुर्लक्षित. जनावर आत ताठ उभं राहू शकलं पाहिजे, वळू शकलं पाहिजे, पसरून झोपू शकलं पाहिजे, हा हवाई वाहतुकीचा दंडक. तो क्रेट महिना-दोन महिने आधी हॉलमध्ये आणून दार उघडं ठेवायचं, त्यातच जेवण द्यायचं, आत वापरलेली चादर टाकायची. आदल्या रात्री क्रेट आणून सकाळी झोपेची गोळी देणं हा सर्वांत वाईट उपाय. गुंगीचं औषध उंचीवर श्वास आणि रक्तदाब बिघडवतं, म्हणून बऱ्याच विमान कंपन्या गुंगीतलं जनावर स्वीकारत नाहीत.

आणि काही जनावरं नेऊच नयेत, हेही कुणीतरी स्पष्ट बोलायला हवं. हच कंपनीच्या 2003 मधल्या जाहिरातीने पग घराघरांत पोहोचवला. चपट्या नाकाच्या या जातीला जमिनीवरही धाप लागते. अमेरिकी वाहतूक खात्याने 2010 मध्ये दिलेल्या माहितीप्रमाणे, मे 2005 पासूनच्या पाच वर्षांत विमान प्रवासात नोंदल्या गेलेल्या 122 श्वानमृत्यूंपैकी जवळपास निम्मे आखूड नाकाच्या जातींचे होते. त्यात 25 इंग्लिश बुलडॉग आणि 11 पग. चौदा वर्षांच्या, मूत्रपिंडाच्या त्रासाने खंगलेल्या लॅब्रेडॉरलाही कार्गोतला प्रवास म्हणजे छळच. अशा वेळी आजी-आजोबांकडे किंवा ओळखीच्या घरी ठेवणं ही जास्त माया आहे, आणि त्यासाठीही महिनोन् महिने आधी शोध सुरू करावा लागतो. नव्या घरात जनावर रुळतंय की नाही ते आपण इथे असतानाच बघता आलं पाहिजे.

प्रत्यक्षात काय होतं ते प्रत्येक सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिसतं. उड्डाणाला आठ-दहा दिवस उरले की फोटोसह संदेश येतो, ‘अर्जंट, फ्री फॉर ॲडॉप्शन’. तेवढ्यात घर मिळालं नाही तर निवारा केंद्राचं दार, नाहीतर रस्ता. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने उपासमार होईल अशा अवस्थेत जनावर सोडून देणं गुन्हा ठरवलं आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड किती? किमान 10 आणि जास्तीत जास्त 50 रुपये. रीतसर नेण्याचा खर्च काही लाखांत जातो. ही दरी कायदा करणाऱ्यांना सहा दशकं कशी खटकली नाही, हे कोडंच.

परतीची वाटही सोपी नाही. परदेशात दोन वर्षं राहून कायमचं परतणाऱ्याला सामान म्हणून दोन प्राणी आणता येतात. 2022 मध्ये युक्रेनमधून जीव वाचवून निघालेले विद्यार्थी कुत्री-मांजरं छातीशी धरून सीमेवर पोहोचले, तेव्हा केंद्राला या अटींत खास एकवेळची सवलत द्यावी लागली. दिली, तीही पटकन.

चिपचा घोळ मिटवायला मात्र केंद्र सरकारकडे जायला नको, महापालिकेकडे मागितलं तरी पुरे. मुंबई-पुण्यात कुत्र्याचा परवाना काढावा लागतो आणि त्यासाठी रेबीजच्या लशीचा पुरावा द्यावा लागतो. त्याच वेळी चिप सक्तीची केली, तर परवान्यावर, लशीच्या पुस्तकात आणि कुत्र्याच्या मानेत एकच क्रमांक असेल. हरवलेला कुत्रा घरी येईल, सोडून दिलेल्याचा मालक सापडेल आणि ज्यांच्या नशिबात म्युनिक आहे त्यांची लस पहिल्या दिवसापासून धरली जाईल. पशुवैद्यांना तर परिपत्रकाची वाट बघायचंही कारण नाही. तीन महिन्यांचं पिल्लू पहिल्या रेबीजच्या इंजेक्शनला टेबलावर आलं की त्यांनी आधी चिपचं विचारावं.