रेघ हिरवी, मणका ढिला

अकलोलीच्या गरम कुंडात पाय सोडून बसलं की माणूस उदार होतो. आज तर मी वाहतूकतज्ज्ञांनाही माफ करणार होतो. जमलं नाही. ठाण्याहून निघालेले पाहुणे अंबाडी नाक्याच्या अलीकडे अडकलेत आणि हे त्यांना, मला अन् सातासमुद्रापारच्या एका संगणकाला एकाच क्षणी ठाऊक आहे. काय ही ज्ञानगंगा! समोरचा कंटेनर मात्र तसूभर हलेना.

'गाड्यांचा ठावठिकाणा क्षणोक्षणी कळला की कोंडी फुटलीच म्हणून समजा,' असं सांगणारे विद्वान हल्ली उदंड झालेत. काखेत थर्मामीटर धरला की ताप उतरतो, या वैद्यकाचे हे पदवीधर.

मूळ कृती सोपी. खिशातला फोन तुमचा वेग गुपचूप कळवतो. बरेच फोन मंदावले की नकाशावर रेघ लाल. 2020 साली सायमन वेकर्ट नावाच्या कलावंताने बर्लिनमध्ये 99 फोन हातगाडीत घालून रिकाम्या रस्त्यावरून फिरवले. गुगलच्या नकाशावर तिथे तुंबळ कोंडी! हसलात? थांबा, आपली गंमत नेमकी उलटी आहे. रंग ठरतो तो त्या रस्त्याच्या मोकळ्या वेगाच्या मानाने. आता भिवंडी-वाडा रस्त्यावर खड्डे चुकवतानाची बैलगाडीची चाल हाच बारमाही 'मोकळा वेग' झाला, तर? रेघ हिरवीगार. मणका सोडून सगळं सुरळीत.

सरकारही मागे नाही. 1 जानेवारी 2019 पासून नोंदणी झालेल्या टॅक्सी-बसला ठिकाण कळवणारं यंत्र सक्तीचं. नाव एआयएस 140. सहस्रनामात खपून जाईल. तीनचाकींना मात्र सूट! म्हणजे आमच्याकडे माणसं ज्यात प्रत्यक्ष कोंबली जातात, नेमकी तीच रिक्षा या सर्वज्ञतेच्या बाहेर.

(चिमाजीअप्पांनी 1739 साली वसई घेऊन इथल्याच वज्रेश्वरी देवीचा नवस फेडला. फौज कुठे अडकली हे सांगायला उपग्रह नव्हता. बहुधा म्हणूनच पोचली.)

परवा तर नकाशाने एका ट्रकला 'नऊ मिनिटं वाचतील' म्हणून पाड्याच्या गल्लीत घातलं. तासभर ट्रक आणि म्हशी एकमेकांकडे बघत उभे. मग त्या गल्लीवरही लाल रेघ उमटली. आपणच कोंडी करायची, आपणच ती शोधून काढायची! याला म्हणे बुद्धिमत्ता.

शेवटी नाक्यावरच्या चहावाल्याला फोन लावला.

"काय रे, काय झालंय तिकडं?"

"काका, खड्ड्यात ट्रकचा पाटा तुटलाय. क्रेन आत्ता निघालीय. दीड तास तरी धरा."

कारण, जागा, वेळ. उपग्रहाविना, एका कॉलमध्ये.

तेवढ्यात पाहुण्यांचा फोन. "अहो, नकाशा म्हणतोय बारा मिनिटं. चहा टाकायला सांगा!"

मी पाय पुन्हा कुंडात सोडले.