फोनवरची टॅक्सी आणि चार आकडे

मैत्रिणींनो, झरीहून परभणीला जाताना रिक्षावाला बहुधा ओळखीचाच असतो. लेकीकडे पुण्या-मुंबईला गेलात, की ती ओळख कुठली? २०१० साली मुंबईत सुरू झालेल्या ‘ओला’सारख्या सेवांनी ही उणीव फोनच्या पडद्यावर भरून काढली आहे. तिथे गाडीचा नंबर, चालकाचे नाव, फोटो आणि चार आकडी ओटीपी दिसतो.

ओटीपी सांगितला, की प्रवास सुरू झाल्याची नोंद होते. तेव्हा घाई नको. आधी गाडीची पाटी आणि चेहरा ताडून पाहा, मगच बसा आणि आकडे सांगा. नंबर जुळत नसेल, तर सरळ नाही म्हणा. प्रवासाची माहिती घरी पाठवायची सोयही तिथेच असते. अडचण आलीच, तर ११२ फिरवा. एवढे पाठ असले, की एकटीने खुशाल निघावे बरं का!